विस्थापितांचे रामनगर : नोंदी आणि स्मृती

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील रामनगर हे गाव बेळगाव–पणजी राष्ट्रीय महामार्गावर, लोंढा सोडून अनमोड घाटाकडे निघाले की लागते. गोव्याला जाणारा प्रवासी येथे चहापुरता थांबतो. या शेतकरी वस्तीचा इतिहास मात्र येथून सुरू होत नाही. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या सुपा या गावापासून तो सुरू होतो, आणि ते गाव आज पाण्याखाली आहे.

सुपा हे तालुक्याचे ठाणे होते. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्याकडे गेला. राज्ये बदलली, तरी तालुका, जमीन, जमाबंदी हे अरबी-फारसीतून आलेले शब्द मराठी दप्तरातही राहिले आणि कन्नड दप्तरातही. महाराष्ट्राने सीमावादात सुप्यावर दावा सांगितला होता. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने तो मान्य केला नाही.

१९७४ हे वर्ष येथे विशेष महत्त्वाचे मानावे लागेल. त्या वर्षी १ मार्चपासून कर्नाटकात सुधारित जमीन सुधारणा कायदा अमलात आला आणि कसणाऱ्या कुळाला मालकी मागण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी सुपा धरणाचे काम सुरू झाले. एका कायद्याने जमीन मिळण्याची आशा दाखवली, दुसऱ्याने तीच जमीन घेतली. धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची १०१ मीटर व लांबी ३३२ मीटर असून जलाशयात सुमारे १४५ टीएमसी पाणी मावते. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले आणि तालुक्याचे नावही बदलले. विस्थापितांच्या वसाहतीसाठी रामनगर उभे राहिले.

भूसंपादन त्या वेळी १८९४ च्या कायद्याने होत असे. भरपाई मिळे ती कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या हक्काची. पुनर्वसन हा त्या कायद्यात हक्क नव्हताच. खोऱ्यातील जीवन मात्र केवळ नावावरच्या भातशेतीवर चालत नव्हते. कुणब्यांची कुमरी, म्हणजे डोंगरउतारावर जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती, इंग्रज अमदानीतच वनखात्याने आवळत आणली होती. तरी कंदमुळे, मध, सरपण, गवळ्यांची गुरचराई हे सारे रानावरच अवलंबून होते. या गोष्टींना ना उतारा होता ना दर. रुपयांत मोजली गेली ती जमीन. बुडाले ते त्याहून बरेच अधिक. नुकसानभरपाई हा शब्दच येथे तोकडा पडतो.

पुढे जंगलाचे नियम अधिक कडक झाले. १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. दरम्यान २००६ चा वनहक्क कायदा आला. उत्तर कन्नडातील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला होता. कुणबी त्या यादीत नसल्याने त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनात राहून त्यावर उपजीविका केल्याचा पुरावा द्यावा लागतो. घर, विहीर, बांध, दफनभूमी या खुणा नियमांना पुरावा म्हणून चालतात. परंतु ज्यांच्या या खुणा जलाशयाच्या तळाशी आहेत, त्यांनी काय दाखवावे?

त्याच नियमांनी वयोवृद्धांचे लेखी घेतलेले निवेदनही पुरावा मानले आहे. इतिहासाच्या अध्यापकांनी या तरतुदीकडे लक्ष द्यावयास हवे. रामनगर परिसरात घरी कोकणी वा मराठी, मुस्लिम कुटुंबांत उर्दूही, आणि कचेरीत कन्नड असा व्यवहार आहे. सुप्यात जाणतेपण आलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या शेतांची नावे, पाणंदी, कब्रस्तान व देवराईच्या जागा, बाजाराचा वार हे सारे त्यांच्याच भाषेत, तारीख आणि सहीनिशी टिपून ठेवण्याचे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एका उन्हाळी सुटीतही करता येण्याजोगे आहे.