पश्चिमेचे पाच ग्रह : मे २००२

२००२च्या एप्रिलअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत बुध, शुक्र, मंगळ, शनी आणि गुरू संध्याकाळी पश्चिमेला एकाच वेळी नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. साताऱ्यातले आपले वर्गमित्र फोनवर तक्रार करत, यवतेश्वरचा डोंगर आडवा येतो, बुधासाठी अजिंक्यतारा चढावा लागतो! मी तेव्हा सांगलीत होतो. आयर्विन पुलावरून सांगलवाडीच्या अंगाला क्षितिज मोकळं. साडेसातला खाली बुध, ५ मेच्या सुमारास त्याच्यावर शुक्र-मंगळ-शनीचा छोटा त्रिकोण, आणि बराच वर गुरू.

पुलावर थांबलेल्या एकदोघांनी विचारलंच, "काही अनिष्ट आहे का हो?" प्रश्न नवा नव्हता. फेब्रुवारी १९६२च्या अष्टग्रहीला देशभर यज्ञ झाले. ५ मे २०००लाही प्रलयाच्या वावड्या उठल्या. तेव्हा तर ग्रह सूर्याच्या तेजात लपलेले, दिसलेच नाहीत. न दिसणाऱ्या ग्रहांची भीती मोठी.

सांगलीचा या विषयाशी जुना संबंध आहे. १९२० साली इथे ज्योतिष संमेलन भरलं. पंचांगाचं गणित आकाशाशी जुळलं पाहिजे, हा लोकमान्य टिळकांचा आग्रह. त्यातूनच टिळक पंचांग. राशिचक्राचा आरंभ ते रेवतीच्या योगताऱ्यापासून धरतं. चित्रापक्षाशी फरक सुमारे ४ अंशांचा, म्हणून कधीकधी अधिक महिनाही वेगळा येतो. वाद मोजणी कुठून सुरू करायची याचा. ग्रह आकाशात कुठे दिसतो याबद्दल दोन्ही पक्षांचं एकमत.

१४ मेला शुक्राजवळ चंद्रकोर आली, आणि ३ जूनला शुक्र गुरूच्या शेजारी पोचला.