गाठ: पुणे, १८९७

मार्च १८९७. बुधवार पेठेतल्या एका वाड्याच्या ओसरीवर तुम्ही बसला आहात. प्लेगमुळे आळी निम्मी ओस पडली आहे. ज्यांचं बाहेरगावी कुणी होतं ते निघून गेले. मागच्या परसात कालपासून उंदीर पडू लागलेत. उंदीर पडले की घर सोडायचं, हे पुणेकर पुढे अनुभवानं शिकतील. तुम्ही अजून शिकलेला नाहीत.

मेलेला उंदीर थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरी ऊब शोधत निघतात. त्यातली एक तुमच्या घोट्याला चावते. तुम्ही खाजवता आणि विसरून जाता. चावताना तिनं प्लेगचे जंतू तुमच्या कातडीत ओकले आहेत. हा जंतू येर्सँ या शास्त्रज्ञानं १८९४मध्ये हाँगकाँगला शोधला, पण तो माणसात शिरतो कुठून याचा पत्ता अजून लागलेला नाही. पिसूचं नाव सिमों हा फ्रेंच डॉक्टर पुढच्या वर्षी कराचीत घेईल, आणि त्याच्यावरही बरीच वर्षं फारसं कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता लहान व्हा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. कातडीखाली तुमच्या शेजारी जो लांबट जीव आहे, तोच प्लेगचा जंतू. एकच पेशी, आत केंद्रक नाही, पण खाणं, वाढणं, दोन होणं सगळं तो एकटा करतो. भोवतीच्या पेशी तुमच्या स्वतःच्या. त्याच्याहून कितीतरी मोठ्या, प्रत्येकीत केंद्रक, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, आणि प्रत्येकीला नेमून दिलेलं एकच काम. शरीराबाहेर त्यांचा निभाव लागत नाही.

दुखावलेल्या पेशींनी सोडलेल्या रसायनांनी जवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. आधी न्यूट्रोफिल येतात. समोर येईल तो जंतू गिळतात, मारतात, स्वतःही मरतात. मग मॅक्रोफेज. पेशी जंतूंना गिळतात हे मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं त्याला तुमच्या या दिवशी पंधरा वर्षंही झालेली नाहीत.

इथं प्लेगचा जंतू खरा हुशार. पिसूच्या पोटातल्या गारव्यातून तो तुमच्या ३७ अंशांच्या उबेत आला की त्याच्या अंगावर नवं आवरण चढू लागतं, आणि गिळायला आलेल्या पेशीत सुईसारख्या नळीतून प्रथिनं टोचून तो तिला लुळी करतो. काही जंतू मॅक्रोफेजच्या पोटातच जिवंत राहतात आणि लसीकेच्या (लिम्फच्या) प्रवाहाबरोबर वर सरकतात. घोट्याकडून येणाऱ्या त्या वाटेवरचा नाका तुमच्या जांघेत आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग फणफणतं आणि जांघेत अवधाण येतं. पायाला काटा लागल्यावर येतं तसं नव्हे. हात लावू देत नाही असं. आत, त्या नाक्यावरच्या लसीकाग्रंथीत, लाखो लसीकापेशी आहेत. प्रत्येकीच्या अंगावर एकाच आकाराचा ग्राहक. या जंतूशी नेमका जुळणारा ग्राहक त्यांतल्या अगदी थोड्यांपाशी. त्या सापडायच्या, वाढायच्या, त्यांच्यापासून प्रतिपिंडं तयार व्हायची, याला आठवडा तरी लागतो. जंतूला दुप्पट व्हायला तास पुरतात. औषध नसेल तर गाठीच्या प्लेगमध्ये शंभरांतले तीस ते साठ रुग्ण या हिशेबातच दगावतात.

दारावर बूट वाजतात. रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घरात शिरतात, देवघरातही. बाया-माणसांना बाहेर काढून काखा आणि जांघा चाचपतात. ज्या गाठीत तुमचं शरीर लढतंय तीच गाठ सापडली की रुग्णाला गाडीत घालून इस्पितळात नेतात, घरच्यांना छावणीत. रोग्याला वेगळं ठेवण्यात तसं काही चूक नव्हतं. ते ज्या मग्रुरीनं केलं गेलं ती मग्रुरी अक्षम्य होती. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधू रँडला गोळी घालतील. आणि याच मार्चच्या १० तारखेला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना लागण होऊन, सावित्रीबाई फुले गेल्या.

प्रतिपिंडं तयार व्हायला लागणाऱ्या त्या आठवड्याची उधारी फेडायचा एक मार्ग मुंबईत निघाला होता. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं तुपाचे थेंब टाकलेल्या मांसरसात प्लेगचे जंतू वाढवले, उष्णता देऊन मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतले. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण त्याचे तुकडे पाहून जुळणाऱ्या लसीकापेशी वाढतात आणि काही स्मृतिपेशी बनून टिकतात. पुढे खरा जंतू आला की तयारी आधीच सुरू झालेली असते. हाफकिनलाही टोचल्यावर ताप आला. तो त्या कामाचाच भाग. ही लस अचूक नव्हती. तरी टोचलेल्यांत मृत्यू बरेच कमी झाले.

परत या. आज प्लेग वेळेत ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. तुमच्या जांघेतला, काखेतला, जबड्याखालचा नाका मात्र तेव्हासारखाच काम करतो आहे. घसा दुखून गाठ आली तर ती दर तासाला दाबून पाहू नका. दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, किंवा वाढतच गेली, तर डॉक्टरांना दाखवा.