गोकाकचा धबधबा : सहलीच्या निमित्ताने थोडा इतिहास

सहल म्हटली की डबे, सतरंज्या आणि गाण्यांच्या भेंड्या एवढेच आम्हां बायकांच्या डोळ्यांपुढे येते. तथापि २०२२ च्या श्रावणात मंडळाच्या भगिनींबरोबर गोकाकचा धबधबा पाहून आले, तेव्हापासून त्याची हकीकत आपल्या स्मरणिकेत लिहावी असे मनात होते.

आपल्या जयसिंगपूरहून हे स्थळ फार दूर नाही. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसविले, त्यापूर्वीच म्हणजे १८९१ साली कोल्हापूर-मिरज आगगाडी सुरू झाली होती. त्याच वाटेने आम्ही मिरजेस गेलो, गाडी बदलली आणि बेळगाव मार्गावरील घटप्रभा स्थानकावर उतरलो. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला व १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. नकाशावरची रेघ हलली, पण पाण्याची वाट हलली नाही.

ही पाण्याची वाट मोठी नवलाची आहे. गोकाकला पाऊस आपल्या शिरोळ तालुक्यासारखाच बेताचा, वर्षाकाठी पन्नास-साठ सेंटीमीटर. मग एवढा धबधबा आला कोठून? घटप्रभा उगम पावते सह्याद्रीत. तिला मिळणारी हिरण्यकेशी निघते आंबोलीस, जेथे वर्षाला सातशे सेंटीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत ती घटप्रभेला भेटते, आणि घाटातले ते पाणी गोकाकच्या कोरड्या माळावर सुमारे १७० फूट खाली उडी घेते. एकाच जिल्ह्याच्या अंतरात किती निरनिराळी हवामाने आपल्या देशात नांदतात, हे त्या कड्याशी उभे राहिले म्हणजे उमगते.

कडा घोड्याच्या नालाच्या आकाराचा आहे. तांबूस गढूळ पाणी पडते तेव्हा बोललेले ऐकू येत नाही. तुषारांनी लुगडी ओली होतात. काठावर महालिंगेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे. नदीवरून सुमारे दोनशे मीटर लांबीचा झुलता पूल गेला आहे; तो आम्ही दुरूनच पाहिला.

या सौंदर्याला इंग्रजी अमदानीत व्यापाऱ्याची दृष्टी लागली. पाण्याच्या शक्तीवर सूत काढावे या हेतूने येथे गिरणी उभारण्यात आली व १८८७ साली ती चालू झाली. भारतातली पहिली जलविद्युत येथलीच, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. सार्वजनिक विजेचा पहिला मान मात्र दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंग केंद्राला, १८९७ साली, दिला जातो. त्याच वर्षी धबधब्याच्या वरच्या अंगास धुपदाळ येथे कालव्यासाठी बंधारा पुरा झाला. पुढे हिडकलचे धरण १९७७ साली झाले. आता पावसाळा सोडला तर कडा बहुधा उघडाच असतो. गिरसप्प्याचे तेच झाले. ८३० फुटांवरून पडणारी शरावती १९६४ च्या लिंगनमक्की धरणानंतर उन्हाळ्यात क्षीण झाली. पण त्या अडविलेल्या पाण्यावर शेते पिकली, घरोघर दिवे लागले. हे नुकसान की नफा, याचा निवाडा मला करता येईना.

आमच्यातल्या एक भगिनी मात्र कठड्यापाशी आल्याच नाहीत. त्यांचे माहेर नदीकाठचे. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीनही महापुरांत ते घर पाण्यात गेले होते. आम्ही आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही पाणी बघायला आलात. आमच्याकडे पाणी आम्हांला बघायला येतं."

आम्ही सगळ्या गप्प झालो. घटप्रभेचे पाणी त्यांच्या माहेरी जात नाही. ती फार खाली, बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला मिळते. परंतु सह्याद्रीवरचे ढग तेच, पाऊस तोच. तो कड्यावरून पडला की आपण त्याला शोभा म्हणतो, आणि उंबऱ्यातून आत आला की संकट म्हणतो.

मी त्यांच्याजवळ बाकावर बसले. काही वेळाने त्या आपण होऊन उठल्या, माझा हात धरून कठड्यापर्यंत आल्या, आणि पदराच्या गाठीचे नाणे त्यांनी पाण्यात टाकले. "कृष्णामाईला सांग, यंदा घरात येऊ नको," एवढेच म्हणाल्या.

परतताना गोकाकचे प्रसिद्ध करदंट घेतले, गाडीत भेंड्याही झाल्या. मंडळाची पुढची सहल ठरेल तेव्हा धबधबा अवश्य पाहावा. परंतु त्या पाण्याच्या वाटेवर कोणाकोणाची घरे आहेत, तेही विचारून घ्यावे, एवढीच माझी भगिनींना विनंती आहे.