किताबांची भाषा

‘सर, उर्दू आपली नाही ना?’ मौद्यात वर्गात एका मुलाने विचारलं. मी फळ्यावर किताब लिहिले.

१६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी पदांना संस्कृत नावं दिली. पेशवा ‘पंतप्रधान’ झाला. पुढे राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेबाशी लढाई जोरात, खजिना रिकामा. मग सरदारांना बक्षीस काय? वतनं आणि किताब. संताजी घोरपडे ‘ममलकतमदार’ झाले, म्हणजे राज्याचा आधारस्तंभ. भाऊ बहिर्जी ‘हिंदुराव’, मालोजी ‘अमीर-उल-उमराव’. शत्रू मोगल, पण मानाचे शब्द फारसी-अरबी! याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नसावं.

आपल्या नागपूरकर भोसल्यांचा किताब ‘सेनासाहेब सुभा’. सेना संस्कृत, साहेब अरबी. मुलाने तो वहीत उतरवून घेतला.