बुद्धिप्रामाण्यवाद, महाराष्ट्रातील

कोणतेही मत ग्रंथ, रूढी वा व्यक्ती यांच्या अधिकारावरून न स्वीकारता तर्क व अनुभव यांच्या कसोटीवर पारखून घ्यावे, असे मानणारी विचारसरणी. मराठीत तिची ठाम मांडणी मिल व स्पेन्सर यांचा प्रभाव असलेल्या गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांनी केली. ‘केसरी’चे संपादकपद सोडून त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. संमतिवय, केशवपन यांप्रमाणेच स्त्रियांनी जाकीट घालावे का, हा रोजच्या पेहरावाचा प्रश्नही त्यांनी युक्तिवादाने सोडवला. चिडलेल्या सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

साहित्यात या परंपरेने वैचारिक निबंधाला नेमकी, पाल्हाळमुक्त भाषा दिली. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–५३) मासिकातून संततिनियमनाचा पुरस्कार केला आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. धर्मक्षेत्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी शास्त्राध्ययनाच्या बळावर ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिली. समाजात नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ गावोगाव नेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. श्रद्धेचा आदर राखूनही शोषणाला प्रश्न विचारता येतो, ही या परंपरेची मोलाची शिकवण होय.