देह कोणाच्या मालकीचा?

देहाच्या द्वारे ईश्वराचा गौरव करावा, ही ख्रिस्ती शिकवण कानी पडली की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा उपासतापास आणि इंद्रियदमन उभे राहते. परंतु ती प्रथम ज्या नगरास उद्देशून लिहिली गेली, त्याचा इतिहास पाहिला म्हणजे तिचा रोख निराळाच दिसू लागतो.

इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमन सेनापती मम्मिअस याने ग्रीस देशातील करिंथ नगर उद्ध्वस्त केले. पुरुषांची कत्तल झाली, बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली. पुढे शंभर वर्षांनी जूलिअस सीझरने ते पुन्हा वसविले, तेव्हा वसाहतकऱ्यांत मोठा भरणा मुक्त झालेल्या गुलामांचा होता. येथील देवालयात हजारावर गणिका होत्या, असे स्ट्रेबोने लिहिले आहे खरे. पण ते जुन्या करिंथाविषयी, आणि त्यावरही आजचे बहुतेक पंडित विश्वास ठेवीत नाहीत. प्रवचनकारांना मात्र तो आकडा काही केल्या सोडवत नाही!

इ. स. ५० च्या सुमारास पौल या नगरात आला आणि तंबू करण्याच्या धंद्यावर निर्वाह करीत दीड वर्ष राहिला. पुढे इफिस येथून त्याने करिंथकरांस पत्र लिहिले. तेथील काही मंडळींचे म्हणणे असे की, आम्हांस सर्व गोष्टींची मोकळीक आहे; देह आज ना उद्या नष्टच व्हावयाचा, मग त्याचे काय केले याला महत्त्व ते कोणते? पौलाने उत्तर दिले : तुमचा देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, तुम्ही स्वतःचे नाही, तुम्हांला मोल देऊन घेतले आहे. येथे त्याने योजिलेला मूळ ग्रीक शब्द सबंध देवळाच्या आवाराचा नव्हे, तर जेथे देव वसतो त्या गाभाऱ्याचा वाचक आहे.

आणि 'मोल'? तो तर उघडउघड गुलामांच्या बाजारातला शब्द! रोमन कायद्याने गुलामाचा देह धन्याचा. त्याचा धन्याने वाटेल तसा उपभोग घेतला तरी तो गुन्हा नव्हे. अशा गुलामाने सभेत हे पत्र ऐकले असेल तेव्हा, आपल्या देहाचा खरा धनी दुसराच आहे आणि हा देह गाभारा आहे, हे त्याला केवढे विलक्षण वाटले असेल! मात्र ज्या दासीला धन्यास नकार देण्याची सोयच नव्हती तिने काय करावे, याविषयी पौल एक अक्षरही लिहीत नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते.

चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी याने एका प्रवचनात गुलामांच्या मालकांनाच विचारले की, ईश्वराच्या प्रतिमेची किंमत तुम्ही किती ठरविली? मोलाचा तोच प्रश्न आता विकत घेणाऱ्याच्या दारी येऊन उभा राहिला. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी जस्टिनिअन या ख्रिस्ती सम्राटाने कायद्याची संहिता तयार करविली. तीत गुलामगिरी कायमच होती.