समुद्रतळावरची तार आणि हिंजवडीची रात्रपाळी

अमेरिकेत मार्च महिन्यातील दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि त्यानंतरच्या सोमवारपासून हिंजवडी, खराडी, मालाड, विक्रोळी, ऐरोली या भागांतील रात्रपाळीच्या गाड्या एक तास आधी धावू लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हा बदल उलटा होतो. भारतात घड्याळाला कोणीही हात लावत नाही. तरीही येथील हजारो घरांतील जेवणाची वेळ वॉशिंग्टनमधील कायद्याप्रमाणे बदलते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. वेळेच्या या फरकावर एक संपूर्ण उद्योग उभा राहिला.

स्वतःचे काम मोबदला देऊन बाहेरच्याकडून करून घेणे, एवढाच ‘आउटसोर्सिंग’चा साधा अर्थ. पीठ घरी नेऊन पापड लाटून देणाऱ्या स्त्रियांना ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नवे आहे ते अंतर. पूर्वी कामाच्या शोधात माणूस प्रवास करी. गेल्या चाळीस वर्षांत माणूस जागेवर राहिला आणि काम प्रवास करू लागले. ते शक्य करणारी वस्तू म्हणजे समुद्राच्या तळाशी पसरलेली काचेची तार. तिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

आधी माणसे गेली

या उद्योगाची पहिली पाने मुंबई-पुण्यातच लिहिली गेली. टाटा सन्सचा एक विभाग म्हणून १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. फकीरचंद कोहली यांनी तिला आकार दिला. अंधेरीतील ‘सीप्झ’ हे निर्यात क्षेत्र १९७३ मध्ये स्थापन झाले. पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस सुरू केली आणि दोन वर्षांनी ती बंगळुरूला नेली. पुणेकरांच्या मनात याविषयीची हळहळ अजूनही अधूनमधून उमटते.

त्या काळात सॉफ्टवेअरची निर्यात म्हणजे प्रत्यक्षात अभियंत्यांचीच निर्यात होती. ग्राहकाचा संगणक अमेरिकेत. त्यामुळे प्रोग्रामरही विमानाने तेथे जाई, काही महिने काम करी आणि परत येई. परदेशी ग्राहकाच्या यंत्राशी जोडणारी वाहिनी भारतात मिळणे दुरापास्त होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरूत केंद्र थाटले आणि उपग्रहाद्वारे ते अमेरिकेतील कार्यालयाशी जोडले, तेव्हा काम बसल्या जागी पाठवता येते याचा पुरावा मिळाला. सरकारने १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. तिच्या पार्कमध्ये आलेल्या लहान कंपनीलाही करसवलतीबरोबर सामाईक उपग्रह केंद्राची जोडणी मिळू लागली. या सुरुवातीच्या पार्कांत पुण्याचा समावेश होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट मात्र विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले आणि तेही ९.६ किलोबिटच्या वेगाने. आजचा एक फोटो त्या वेगाने उतरवायला अर्धा-पाऊण तास लागला असता.

पुढे सन २००० चा प्रश्न आला. जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे दोनच आकडे साठवलेले होते. ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे संगणकाला कळणार नव्हते. लाखो ओळी तपासण्याचे हे किचकट, प्रतिष्ठा नसलेले काम पाश्चात्त्य कंपन्यांनी भारताकडे सोपवले. त्यातून नफा झालाच, परंतु अधिक मोलाची होती ती ओळख. बँका आणि विमा कंपन्यांच्या अंतर्गत यंत्रणा येथील अभियंत्यांनी आतून पाहिल्या आणि ग्राहकांचा विश्वास बसला.

काच स्वस्त झाली

संगणकाचे काम उपग्रहावरून चालू शकते. संभाषण मात्र अवघड जाते. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जातो आणि उत्तर परतेपर्यंत अर्धा. चिडलेल्या ग्राहकाशी बोलताना अर्ध्या सेकंदाची शांतता फार मोठी असते. दोघेही एकदम बोलू लागतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत आवाज एकदशांश सेकंदाच्या आसपास पोहोचतो. कॉल सेंटरचा धंदा येथे उभा राहण्यामागे हा हिशेब होता.

खोल समुद्रातील ही केबल बागेतील पाण्याच्या नळीएवढी जाड असते. आत केसासारखे काचेचे काही तंतू, त्यांभोवती विजेची वाहिनी आणि वर आवरण. किनाऱ्याजवळ मात्र नांगर आणि मासेमारीच्या जाळ्यांपासून बचावासाठी पोलादी तारांचे चिलखत चढवलेले असते. प्रकाश क्षीण होत जातो म्हणून ठराविक अंतरावर तो पुन्हा सशक्त करणारी उपकरणे बसवलेली असतात आणि त्यांना लागणारी वीज किनाऱ्यावरील केंद्रातून पुरवली जाते. ब्रिटन ते जपान अशी सुमारे २८ हजार किलोमीटरची ‘फ्लॅग’ केबल १९९७ मध्ये सुरू झाली. ती मुंबईला स्पर्श करून जाते.

मार्ग तसा जुनाच. लंडनहून जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन असे टप्पे घेत समुद्राखालील तारायंत्राची तार १८७० मध्ये मुंबईत पोहोचली होती. त्याच्याही पाच वर्षे आधी, अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याची बातमी येताच मुंबईत कापसाचे भाव कोसळले आणि कित्येक सावकारांचे दिवाळे निघाले. दूरच्या देशातील घडामोडींनी आपल्याकडील चूल विझण्याचा अनुभव या शहराला नवा नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेटच्या भरभराटीची स्वप्ने पाहून कंपन्यांनी अब्जावधी डॉलर समुद्रात ओतले. २००० नंतर डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि तारा तशाच राहिल्या, मालक मात्र बुडाले. एप्रिल २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरध्वनीवरील विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली होती आणि त्याच वर्षी ती कंपनी टाटा समूहाकडे गेली होती. रिलायन्सने ‘फ्लॅग टेलिकॉम’ २० कोटी ७० लाख डॉलरला घेतली. विदेश संचार निगमने तर ‘टायको’चे जगभर पसरलेले जाळे अवघ्या १३ कोटी डॉलरला विकत घेतले, ते टाकण्याचा खर्च अब्जांत होता. भारतीयांच्या यशाचे श्रेय इंग्रजीला आणि गणिताला देण्याची आपल्याला सवय आहे. ते चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. दुसऱ्याच्या दिवाळखोरीमुळे स्वस्त झालेली काच नसती, तर ही इंग्रजी कोणी ऐकली असती?

न्यू जर्सीचा फोन मुंबईत

ब्रिटिश एअरवेजने आपले मागल्या दाराचे हिशेबाचे काम करण्यासाठी १९९६ मध्ये मुंबईत ‘डब्ल्यूएनएस’ ही कंपनी सुरू केली. जनरल इलेक्ट्रिकने १९९७ मध्ये अशाच कामासाठी भारतात स्वतंत्र कंपनी काढली; तीच पुढे ‘जेनपॅक्ट’ झाली. तिकिटांचे हिशेब, विम्याचे दावे, डॉक्टरांच्या ध्वनिमुद्रित टिपणांचे लेखन आणि मग थेट ग्राहकांशी बोलणे, अशी पायरी चढत गेली. पदवीधर मुलेमुली अमेरिकी उच्चार गिरवू लागली. कित्येकांनी फोनपुरते ‘सॅम’ किंवा ‘नॅन्सी’ असे दुसरे नावही घेतले.

याचे पडसाद पलीकडे उमटणे अपरिहार्य होते. न्यू जर्सी राज्यात गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीविषयीच्या चौकशीचे फोन एका कंत्राटदाराने मुंबईत वळवले होते. बेकारांना दिल्या जाणाऱ्या मदतीचे कामही परदेशी पाठवले जात आहे, हे कळल्यावर तेथे संताप उसळला. सिनेटर शर्ली टर्नर यांनी २००२ मध्ये असे कंत्राट रोखणारे विधेयक मांडले आणि २००३ मध्ये राज्याने ज्यादा पैसे मोजून ते काम कॅम्डेन या आपल्याच गावी परत नेले. हा संताप समजून घ्यावा लागेल. २००४ मध्ये अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅन्क्यू यांनी आउटसोर्सिंग हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच एक नवा प्रकार असल्याचे मत मांडले, तेव्हा त्यांच्यावर दोन्ही पक्षांनी तोंडसुख घेतले. अर्थशास्त्र म्हणून त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण स्वस्त सेवेचा लाभ कोट्यवधींत विभागला जातो आणि गेलेली नोकरी एकाच घरात जाणवते. गिरणगावाने ही विषमता आपल्यालाही दाखवली आहे.

रात्रीची किंमत

ती किंमत येथेही मोजली गेली. झोपेचे आणि पचनाचे विकार, सणाला घरी नसणे, वर्षभरात नोकरी सोडणे, या गोष्टी या व्यवसायात सर्रास आढळतात. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बावीस वर्षांच्या तरुणीवर कंपनीने पाठवलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. दारात येणारी गाडी हीच सुरक्षिततेची हमी मानणाऱ्या हजारो पालकांचा तो विश्वास त्या रात्री तुटला. चालकांची पडताळणी, महिला कर्मचारी गाडीत असताना सुरक्षारक्षक, सर्वांत आधी किंवा सर्वांत शेवटी एकट्या स्त्रीला बसवण्यास मनाई, असे नियम त्यानंतर कडक झाले. दोघांना झालेली फाशीची शिक्षा अंमलबजावणीतील विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ३५ वर्षांच्या कारावासात बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचे, तर त्यांची संमती आणि संरक्षणाची व्यवस्था आवश्यक आहे.

दुसरा धक्का विश्वासार्हतेला होता. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांना अमेरिकी बँकेच्या खातेदारांचे पैसे लांबवल्याच्या आरोपावरून अटक झाली. फ्लोअरवर मोबाइल, पेन आणि कागद नेण्यास बंदी घालण्याचे प्रमाण त्यानंतर वाढले. कर्मचाऱ्यांच्या पूर्वेतिहासाची राष्ट्रीय नोंदवही ‘नॅसकॉम’ने २००६ मध्ये सुरू केली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन वैयक्तिक माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीवर भरपाईची जबाबदारी आली.

तार तुटते तेव्हा

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडील वाहतूक निम्म्याच्या आसपास आली. दोनच दिवसांनी दुबईजवळ आणखी एक तुटली. तेथे समुद्रतळाशी पाच-सहा टनांचा एक बेवारस नांगर सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हुथींच्या हल्ल्यात जायबंदी झालेल्या जहाजाचा नांगर फरफटत गेल्याने तांबड्या समुद्रातील केबल तुटल्याचे मानले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तेच घडले. मोठ्या कंपन्या पॅसिफिकमार्गे पर्यायी वाट राखून असतात, त्यामुळे काम थांबत नाही, मंदावते. चटका बसतो तो लहान कंपन्यांना.

काम पुढे सरकते

जे काम तारेवरून आले ते तारेवरून पुढेही जाते. दूरध्वनीवरील सेवेत २०१० च्या सुमारास फिलिपाइन्सने भारताला मागे टाकले. तेथील इंग्रजीला अमेरिकी वळण आधीपासूनच होते. भारतातील कंपन्या वरच्या कामांकडे वळल्या. नॅसकॉमच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर आणि कर्मचारी ५८ लाख होते. कंत्राट देण्याऐवजी परदेशी कंपनीने येथे स्वतःचेच कार्यालय उघडण्याचा कलही वाढला असून, २०२३-२४ मध्ये अशा १७०० हून अधिक केंद्रांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे केंद्र सरकारने घरून काम करण्यावरील दूरसंचार निर्बंध सैल केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नियमच सुटसुटीत केले. त्यामुळे हिंजवडीचे काम साताऱ्यातल्या घरातूनही होऊ शकते, हे सिद्ध झाले.

आता प्रश्न वेगळाच आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने त्याचे कारण कौशल्यांचा मेळ न बसणे असे सांगितले. कामगारांच्या मनात मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेचेच नाव होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले आणि परदेशी सेवांच्या मोबदल्यावर २५ टक्के कर आकारण्याचे विधेयक तेथील सिनेटमध्ये मांडले गेले. व्हिसा महागला की माणूस येथेच बसून काम करतो, म्हणजे पहिला उपाय आउटसोर्सिंगला पोषकच ठरू शकतो. दुसरा नेमका त्याच्याच मुळावर येणारा आहे.

डॉक्टरांची टिपणे ऐकून टंकलिखित करण्याचा धंदा या उद्योगातील सर्वांत जुन्या कामांपैकी एक. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे वर्ग गल्लोगल्ली निघाले होते. आवाज ओळखणाऱ्या यंत्रांनी तो सर्वांत आधी गाठला. त्यात टिकून राहिलेल्यांपैकी बरेच जण आज ऐकून लिहीत नाहीत. यंत्राने लिहिलेला मजकूर समोर येतो आणि औषधाची मात्रा दशांश चिन्हासह बरोबर आहे की नाही, एवढे ते तपासतात.